नसांचे दुखणे आणि त्यावरची गोळी



गेल्या सहामाहीत आठवीच्या वर्गात भूमिती शिकवताना आम्हांला 'मध्यगा' हा शब्दच आठवेना. खडू हातात, आकृती फळ्यावर आणि शब्द गायब! मुलांना वाटले, सर मुद्दाम विचारताहेत. शेवटी पहिल्या बाकावरच्या एका मुलीने तो शब्द हळूच पुरवला. पुढे दोन-तीन वेळा असेच झाले, आणि 'सर झोपेत शिकवतात' अशी कुजबूज पालकांपर्यंत गेली. तक्रार खोटी नव्हती, पण कारण कोणाला ठाऊक नव्हते. ते सांगावे आणि त्या निमित्ताने एक आरोग्याचा पाठही व्हावा, म्हणून हा लेख.

आम्हांला नागीण झाली होती. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही, तो नसांच्या मुळाशी निपचित पडून राहतो. वय वाढले, प्रतिकारशक्ती उतरली की तोच नसेच्या वाटेने बाहेर येतो. अंगावरचे फोड दोन-चार आठवड्यांत सुकतात, पण काहींची आग मागे उरते आणि महिनोन्‌महिने राहते. आमच्या बरगडीवर सदऱ्याचे कापड टेकले तरी चटका बसे. फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी औषध सुरू केले तर आजार लवकर आवरतो. आम्ही मात्र चार दिवस घरगुती लेप लावत बसलो.

हे दुखणे साध्या दुखण्याहून निराळे आहे. गुडघा खरचटला की नस मेंदूला तशी वर्दी देते, म्हणजे वर्दी खरी असते. इथे वर्दी देणारी तारच बिघडलेली असते. जखम नसतानाही ती 'आग, आग' म्हणत राहते. म्हणून पॅरासिटामॉलसारख्या नेहमीच्या गोळ्यांचा इथे फारसा उपयोग होत नाही. मधुमेहात तळपायांची जळजळ होते, मुंग्या येतात, तेही याच जातीचे. आपल्याकडे कित्येक आजी-आजोबा रात्री ओल्या फडक्यावर पाय ठेवून झोपतात, ते याचमुळे.

यावर गाबापेंटिन आणि प्रीगाबालिन ही औषधे बरीच वापरली जातात. गाबापेंटिन अमेरिकेत १९९३ साली मान्य झाले ते अपस्मारासाठी, म्हणजे फिट येण्याच्या आजारासाठी. घरच्यांनी पाकिटातला कागद वाचला आणि 'तुम्हांला फिट येतात हे आमच्यापासून लपवलेत?' असा प्रश्न आला. ॲमिट्रिप्टिलीन, ड्युलोक्सेटिन ही तर नैराश्यावरची औषधे, पण तीही नसांच्या दुखण्यावर देतात. डॉक्टरांनी आपल्याला वेडे ठरवले असे समजून गोळी फेकून देणारे लोक आम्ही पाहिले आहेत. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी एक गंमत : गाबापेंटिनची रचना मेंदूतल्या 'गाबा' या द्रव्यासारखी केली, नावही तसेच पडले, पण काम ते तिथे करीत नाही. नसांच्या टोकांवर कॅल्शियम आत घेणाऱ्या दारांचा एक भाग ते धरून ठेवते. कॅल्शियम कमी आत गेले की निरोप पुढे देणारी द्रव्येही कमी सुटतात. दुखणे मुळातून जात नाही, ओरडा कमी होतो.

पण जी गोळी नसांचा ओरडा कमी करते, ती बाकीच्या मेंदूलाही थोडी सुस्त करते. आमची सुरुवात रात्री ७५ मिलिग्रॅमने झाली. पुढे सकाळचीही गोळी वाढली आणि झापड, चक्कर, शब्द न सुचणे हे सारे आले. घोट्यांवर सूज, वाढलेले वजन, धूसर दिसणे हेही काहींना होते. पहिले दोन-तीन आठवडे आम्ही स्कूटर बंद ठेवली. घरात वृद्ध माणूस ही गोळी घेत असेल तर रात्री संडासाच्या वाटेवर दिवा असू द्यावा, कारण पडून मांडीचे हाड मोडणे हे नसांच्या दुखण्याहून वाईट. ॲमिट्रिप्टिलीनने तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होतो, वयस्कर पुरुषांना लघवी अडते. चेहऱ्याच्या नसेसाठी कार्बामाझेपीन देतात. त्यावर अंगावर पुरळ उठले तर उद्यावर न ढकलता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. मन फार उदास होऊ लागले, तर तेही लाजेने लपवू नये.

आमची खरी चूक दिवाळीत झाली. बरे वाटत होते, म्हणून गोळ्या एकदम थांबवल्या. दोन रात्री झोप नाही, दरदरून घाम, मळमळ, जिवाची तगमग. डॉक्टर चांगलेच रागावले. ही औषधे पायरीपायरीने उतरवायची असतात, निदान आठवडाभर, बहुधा त्याहून सावकाश.

आणखी एक गोष्ट पालकांनी घरी जाऊन पाहावी. बाजारात प्रीगाबालिन एकटे मिळते, मिथाइलकोबालामिनबरोबर मिळते, नॉरट्रिप्टिलीनबरोबरही मिळते, आणि प्रत्येकाचे नाव वेगळे. हाडांच्या डॉक्टरांनी एक आणि मधुमेहाच्या डॉक्टरांनी दुसरी दिली, तर एकच औषध दुप्पट पोटात जाते. नाव नव्हे, खालची बारीक अक्षरे वाचावीत. आठवी-नववीच्या मुलांनी हे काम आजी-आजोबांसाठी करावे, त्यांचे डोळे चांगले आहेत. हे औषध जवळजवळ सगळे मूत्रपिंडातूनच बाहेर पडते, तेव्हा मूत्रपिंड अशक्त असेल तर मात्रा कमी लागते. झोपेच्या गोळ्या, अफूच्या जातीची वेदनाशामके किंवा दारू यांच्या जोडीने श्वास मंदावू शकतो. आणि मधुमेहावर वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी बी-१२ तपासून घ्यावे, कारण ते कमी झाल्यानेही पाय तसेच जळतात. तिथे नुसती दुखण्याची गोळी वाढवून भागत नाही.

मुख्याध्यापकांशी बोलून आम्ही आठवीचा तास पहिल्याऐवजी चौथा करून घेतला आहे. डॉक्टरांनी सकाळची गोळी बंद करून फक्त रात्रीची ठेवली आहे. आग पूर्ण गेलेली नाही, सदरा मात्र आता सोसवतो. 'मध्यगा' हा शब्द आम्ही तासाआधी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवतो, आणि तो पुसायचा नाही हे वर्गाला माहीत आहे.