आसनावरून उठल्यानंतर

रेवदंडा, ता. अलिबाग

चि. बाळास,


तुझे पत्र पोचले. इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांचे शिबिर केलेस, शेवटच्या दोन दिवसांत मन असे निवळले की आजवरचे आयुष्य झोपेत गेले असे वाटले, आणि आता पुण्याची नोकरी, घरची जबाबदारी, रोजची दगदग हे सगळे त्या अनुभवाच्या आड येते आहे, असे तू लिहितोस. राजीनामा देऊन साधनेला वाहून घ्यायचा विचारही कळवला आहेस. तुला जे जाणवले ते खोटे, असे मी म्हणणार नाही. पण त्यावरून तू जो निष्कर्ष काढला आहेस तो मला चुकीचा वाटतो, आणि का वाटतो ते सविस्तर लिहायला हवे. जागृती किती खरी याची साक्ष आसनावरून उठल्यानंतरच मिळते. ती साक्ष द्यायला घर, कचेरी, बाजार, देणेघेणे हेच लागतात. तेच सोडलेस तर विचारायचे कोणाला? शिबिरात पहाटे चारला घंटा होते, दहा दिवस मौन असते, फोन आणि पुस्तक बंद असते, जेवण दुसऱ्याने रांधून वाढलेले असते. शिकण्यासाठी ही व्यवस्था उत्तम आहे. पण तिथे कोणी तुझे पैसे बुडवत नाही, साहेब चारचौघांत पाणउतारा करत नाही, आजारी माणसाच्या उशाशी रात्र काढावी लागत नाही. तिथे राग आला नाही, यावरून राग गेला असे ठरत नाही.

ज्या परंपरेत तू हे शिकलास तिच्याकडेच आधी बघू. तिचे आचार्य सत्यनारायण गोएंका हे ब्रह्मदेशातले व्यापारी, बायकामुलांचे संसारी गृहस्थ. त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन हे तर सरकारी नोकर. ४ जानेवारी १९४८ रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला त्याच दिवशी ते त्या देशाचे महालेखापाल झाले. त्यांनी आपल्या कचेरीतल्या कर्मचाऱ्यांना ध्यान शिकवले, १९५२ साली रंगूनला केंद्र काढले आणि हिशेबाचे कामही सोडले नाही. उलट एकाच वेळी एकाहून अधिक खात्यांची जबाबदारी त्यांच्यावर टाकली जाई. गोएंका १९६९ साली भारतात आले, धम्मगिरी १९७६ पासून उभी राहिली. म्हणजे जी विद्या नोकरी सोडायला सुचवते आहे असे तुला वाटते, ती तुझ्यापर्यंत एका हिशेबनिसाच्या आणि एका व्यापाऱ्याच्या हातून आली आहे. शिबिर संपताना तुलाही सकाळ-संध्याकाळ एकेक तास घरी बसायलाच सांगितले असेल. घर सोडायला सांगितलेले नाही.

आपल्या भाषेतला याहून जवळचा दाखला मुंबईच्या खेतवाडीत सापडतो. निसर्गदत्त महाराज, म्हणजे मारुती कांबळी, यांचा जन्म १८९७चा, बालपण सिंधुदुर्गातल्या कांदळगावचे. पोटासाठी ते मुंबईत आले आणि विड्यांच्या धंद्यात शिरले. १९३३ साली त्यांना सिद्धरामेश्वर महाराज भेटले, थोड्याच काळात गुरूंचे देहावसान झाले, आणि १९३७ साली हा दुकानदार घरदार सोडून निघाला. तुझ्या मनात आज जे आहे तेच त्यांच्या मनात होते, आणि त्यांनी ते करूनही पाहिले. पुढचा भाग मात्र नीट वाच. ते परत आले. धंद्याचा पसारा मोडला होता, एवढेसे दुकान उरले होते. त्यावर त्यांनी घर चालवले. तंबाखू, टेमुर्णीची पाने, सुट्टे पैसे, उधारी यांच्यात बसूनच त्यांची साधना पक्की झाली, आणि मग त्याच घराच्या पोटमाळ्यावर ते मराठीत बोलू लागले. मॉरिस फ्रीडमन यांनी ते संवाद इंग्रजीत आणले, १९७३ साली ‘आय ॲम दॅट’ छापून आले आणि जगभरची माणसे खेतवाडीचा जिना चढू लागली. हा माणूस हिमालयात राहिला असता तर कमी प्रतीचा ठरला असता, असा माझा दावा नाही. पण सुटण्यासाठी दुकान सुटावे लागते ही समजूत त्याने स्वतःच्या जगण्याने खोडून काढली. विडीचा धंदा तुला खटकेल, आणि तो खटकावाच. १९८१ साली त्यांचा अंत घशाच्या कर्करोगाने झाला. मला त्यातून एवढेच दिसते की जागृती झाली म्हणून शरीराचे नियम माफ होत नाहीत आणि माणसाची प्रत्येक निवड आपोआप बिनचूक होत नाही. ज्याला आतून स्वच्छ दिसू लागले आहे त्यानेही आपला व्यवहार वेगळा तपासायचा असतो.

तू म्हणशील, रामदास तर बोहल्यावरून पळाले, बुद्धाने राहुलला पाळण्यात टाकून घर सोडले, त्यांचे काय? हा आक्षेप वजनदार आहे, आणि ‘ते मोठे, आपण लहान’ असे म्हणून मी तो उडवून लावणार नाही. काही माणसांना घर सोडावे लागते, हे खरेच. पण रामदासांनी पुढे काय केले? नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षे तप, बारा वर्षे देशभर भ्रमंती, आणि मग कृष्णाकाठी येऊन मठ, शिष्य, मंदिरे, माणसे जोडण्याचा अखंड खटाटोप. आपल्याच जिल्ह्यात महाडजवळच्या शिवथरघळीत बसून त्यांनी दासबोध सांगितला असे परंपरा मानते. वीस दशक, दोनशे समास. ज्याने संसार टाकला त्याने हा ग्रंथ मुख्यतः संसाऱ्यांसाठी सांगितला, आणि बाराव्या दशकाच्या तोंडालाच आधी प्रपंच नेटका करायला बजावले. प्रपंच सोडून परमार्थाला लागणाऱ्याची तिथे वाहवा नाही.

त्यातला एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास तू मुद्दाम काढून वाच. विषय आहे लेखनक्रिया. ब्रह्म, माया, आत्मा यांचे विवेचन करणारा ग्रंथ इथे थांबतो आणि अक्षर कसे काढावे ते सांगतो. अक्षर वाटोळे आणि सुटे हवे, ओळी सरळ हव्यात, काने, मात्रा, वेलांट्या जिथल्या तिथे हव्यात, समास राखावा. टाक, शाई, कागद, बांधणी यांचीही बारीक चौकशी आहे. आणि त्यातली एक अपेक्षा मला फार मोलाची वाटते: पोथीचे पहिले अक्षर आणि शेवटचे अक्षर एकाच हाताने, एकाच टाकाने, एकाच मनाने उतरल्यासारखे दिसावे. हजारो ओव्यांची नक्कल करणाऱ्याला मध्ये कंटाळा येणार, हात दुखणार, दिवस मावळणार. तरी वळण ढळू द्यायचे नाही. ध्यानात तू श्वासावर जे लक्ष ठेवायला शिकलास ते हेच लक्ष आहे. फरक इतकाच की श्वासावरचे लक्ष सुटले तर ते तुझे तुलाच कळते, अक्षरावरचे सुटले तर कागदावर चारचौघांना दिसते. म्हणून दुसरी कसोटी मला अधिक कडक वाटते. तुझ्या कचेरीतला महिनाअखेरचा हिशेब, तू पाठवलेले उत्तर, तू पाळलेली किंवा चुकवलेली वेळ हे तुझे अक्षर आहे. दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणे सांगून झाल्यावर रामदासांनी पढतमूर्खाला स्वतंत्र समास दिला, तो उगाच नाही. ज्याला कळते पण वळत नाही, त्याचा धोका त्यांना अडाण्यापेक्षा मोठा वाटला असावा.

आपल्या रेवदंड्याला हे नवे नाही. नानासाहेब धर्माधिकारी इथलेच. १९४३ साली त्यांनी मुंबईत गोरेगावला दासबोधाच्या निरूपणाची बैठक सुरू केली. आज गावोगावच्या श्रीबैठकीत जे बसतात त्यांत गिरणीतून निवृत्त झालेले, रिक्षा चालवणारे, वाडीत नारळी-पोफळी शिंपणारे, घरकाम करणाऱ्या बाया, कारकून, शिक्षक असतात. आठवड्यातून एकदा ठरल्या वेळी जायचे, शांत बसून ऐकायचे, घरी यायचे आणि उरलेले दिवस त्यावर चालायचा प्रयत्न करायचा. घर सोडा असे तिथे कोणी सांगत नाही; व्यसन सोडा, अंधश्रद्धा सोडा, असे सांगतात. झाडे लावणे, विहिरीतला गाळ काढणे, रस्ते झाडणे ही कामेही त्याच माणसांच्या हातून होतात. याहून जुना दाखलाही इथलाच आहे. या किनाऱ्यावरचे बेने इस्राएल ज्यू घाण्यावर तेल गाळत आणि शनिवारी घाणे बंद ठेवत, म्हणून शेजारपाजार त्यांना शनवार तेली म्हणू लागला. त्यांचे ग्रंथ आणि भाषा मागे पडली होती, मोजक्या प्रार्थना आणि नियम उरले होते. तरी शतकानुशतके, धंदा करता करता, त्यांनी आठवड्यातला एक दिवस राखला, आणि तो इतका राखला की परक्यांनी त्यावरून त्यांना नाव दिले. १९४८ नंतर बहुतेक मंडळी इस्राएलला गेली. रेवदंड्यात त्यांचे सिनेगॉग आहे. ही रूढी झाली, जागृती नव्हे, असे तू म्हणशील. मान्य. पण एखादा छोटा नियम न चुकता पाळला तर तो माणसाला किती लांब नेतो, हे त्यातून दिसते. तुझ्या दहा दिवसांच्या मोठ्या अनुभवाला अशा छोट्या नियमाचाच आधार लागणार आहे, नाहीतर दोन महिन्यांत ये रे माझ्या मागल्या.

बैठकीचे नाव घेतले की दुसरा आक्षेप येतो, आणि तो टाळणे बरोबर नाही. माणसे निरूपण ऐकता ऐकता स्वतःची बुद्धी गहाण टाकतात, असे म्हणतात. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर सरकारी पुरस्कार सोहळ्याला लाखो श्रीसदस्य, म्हणजे या बैठकींचे अनुयायी, भर उन्हात बसले आणि उन्हाच्या तडाख्याने १४ जण दगावले. दोष कोणाचा किती, हा या पत्राचा विषय नाही. मला तुला एवढेच सांगायचे आहे की श्रद्धा कितीही खरी असो, ऊन लागते आहे हे ओळखून उठण्याचा आणि शेजाऱ्याला उठवण्याचा अधिकार कोणाकडेही सोपवायचा नसतो. ज्या ध्यानाने शरीराची संवेदना नेमकी कळायला हवी, त्याच ध्यानाच्या नावाखाली ती दडपली गेली तर काहीतरी उलटे चालले आहे. हे गुरूला लागू आहे, तुझ्या शिबिराच्या आचार्यांना लागू आहे, आणि माझ्या या पत्रालाही लागू आहे.

तिसरा आक्षेप सुधारकांचा: शांत झालेला माणूस अन्याय मुकाट सोसतो, म्हणून साहेबलोकांना ध्यान फार आवडते. यात तथ्य आहे. कामाचे तास वाढवून वर ध्यानाचा वर्ग भरवणाऱ्या कंपन्या तू पाहिल्या असशील. अशी शांती मला नको आहे. पण दुसरी शांतीही असते. पेण तालुक्यातल्या गागोद्याला जन्मलेले विनोबा १९१६ साली घर सोडून निघाले ते ब्रह्माच्या शोधात, आणि पोचले गांधींच्या आश्रमात. पुढे पवनारहून ते रोज खांद्यावर फावडे टाकून जवळच्या सुरगावला जात आणि मैला उचलत. ज्या कामासाठी समाजाने एका जातीला अस्पृश्य ठरवले होते ते त्यांनी स्वतःच्या साधनेत घेतले. त्यांची शांती कोणाच्या सोयीची नव्हती. तुझ्या हाताखालच्या कंत्राटी मुलाला पगार वेळेवर मिळत नसेल आणि तुला त्याची टोचणी लागत नसेल, तर तुझे मन स्थिर झाले नसून बधिर झाले आहे, असे मी धरून चालेन.

विज्ञानाचे तू लिहिले आहेस, त्याबद्दल थोडेच. २०१४ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ध्यानावरच्या ४७ चाचण्या, सुमारे साडेतीन हजार माणसांच्या, एकत्र तपासल्या. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत मध्यम पुराव्याचा थोडा फायदा दिसला. व्यायाम किंवा औषध यांच्यापेक्षा ध्यान सरस आहे असे दिसले नाही. म्हणजे ध्यान उपयोगाचे आहे, जादू नाही. काहींना लांब शिबिरांनंतर भीती, निद्रानाश, आपण आपल्यात नसल्यासारखे वाटणे असा त्रासही होतो. तुला रात्री झोप येईनाशी झाली आहे असे पत्राच्या शेवटी तू ओझरते लिहिले आहेस. ते जागृतीचे लक्षण समजून अंगावर काढू नकोस, डॉक्टरला दाखव, आणि तोवर बसण्याचा वेळ कमी कर.

आता राजीनाम्याचे. तो वर्षभर लांबव. या वर्षात सकाळचा एक तास सोडू नकोस. संध्याकाळचा जमेल तसा. दिवसातले एक काम निवड, तुला सर्वांत नकोसे वाटणारे, आणि ते लेखनक्रियेच्या समासात सांगितले आहे तसे पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सारखे कर. तू बदललास का, हे स्वतःला विचारू नकोस. तुझ्या आईला, बायकोला, कचेरीतल्या शिपायाला विचार. त्यांना फरक जाणवला आणि तरीही तुला निघावेसे वाटले, तर मी अडवणार नाही. उलट घरच्यांची व्यवस्था कशी लावायची ते आपण एकत्र बसून ठरवू. अकराव्या दशकातला तिसरा समासही वाच. पहाटेचे पाठांतर, मग आन्हिक, मग संसाराचा उद्योग, मग वाचन, मग एकांतातले चिंतन असा सबंध दिवस त्यात आहे. त्या दिवसात तुझा कुठला तास बसत नाही ते कळव, म्हणजे पुढच्या पत्रात तेवढ्यावरच बोलू.

ताईला नमस्कार, सूनबाईंना आशीर्वाद.

तुझा,
मामा