रुळांनी दुभंगलेले अरण्य

आसामातील रेल्वेचा पाठ शिकविताना आम्ही हुलॉक गिबनपाशी आवर्जून थांबतो. इतिहासाच्या तासाला प्राणी कशाला, असे कुणी विचारते. उत्तर पुढे येईलच.

हुलॉक गिबन हा भारतात आढळणारा एकमेव बिनशेपटीचा कपी. प्रौढ नर काळा, मादी पिंगट, दोघांच्याही भुवया पांढऱ्या. जोडपे पिल्लांसह कुटुंब करून राहते. सकाळी नर-मादी मिळून गातात. तो स्वर दूरवर जातो व शेजारच्या कुटुंबास हद्द कळते. लांब हातांनी फांदीमागून फांदी धरीत ते उंच झाडांवरच आयुष्य काढतात, जमिनीवर क्वचितच उतरतात. खाल्लेल्या फळांच्या बिया विष्ठेवाटे दूरवर पडतात. म्हणजे अरण्याची पेरणीही तेच करतात.

जोरहाट जिल्ह्यातील होल्लोंगापार हे त्यांचे प्रसिद्ध वसतिस्थान. १९९७ साली ते अभयारण्य झाले. क्षेत्र जेमतेम २१ चौरस किलोमीटर, भोवती चहाचे मळे. इंग्रजी अमदानीतील लोहमार्ग त्यातून आरपार गेला आहे. पाठ्यपुस्तकातील 'दळणवळणाची प्रगती' आम्हांस अमान्य नाही. परंतु माणूस काही पावलांत ओलांडतो ते रूळ गिबनांना ओलांडवत नाहीत, कारण वर फांद्या जुळलेल्या नाहीत. लहान तुकड्यात अडकलेल्या कुटुंबांतील तरुणांना जोडीदार मिळणे दुरापास्त होते, आणि वंश आतल्या आत क्षीण होत जातो.

मध्यंतरी रुळांवर लोखंडी पूल उभारला गेला. गिबनांनी तो स्वीकारला नाही. दुतर्फा झाडेही लावली गेली आहेत. त्यांच्या फांद्या भिडावयास वर्षे लागतात; आगगाड्या मात्र रोज धावतात.