दैव पाचवं आहे, पहिलं नाही



आजचा श्लोक : भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक १४

या श्लोकात भगवंत अर्जुनाला सांगतात की कुठलंही कर्म पूर्ण व्हायला पाच कारणं लागतात. अधिष्ठान म्हणजे आधार, कर्ता, करण म्हणजे साधनं, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे प्रत्यक्ष हालचाली, आणि पाचवं दैव. आचार्य अधिष्ठानाचा अर्थ शरीर आणि करणांचा अर्थ इंद्रियं असा घेतात. आपण आज समजण्यापुरता तो थोडा बाहेर, एका शेतात नेऊन बघू.

शेत म्हटलं तरी जमीन नाहीच. आमच्या सत्संगातले एक दादा शहराच्या कडेला एका शेडमध्ये मायक्रोग्रीन्स पिकवतात आणि आसपासच्या कॅफेंना, सोसायट्यांना विकतात. मुळा, मोहरी, सूर्यफूल, वाटाणा. मोड आलेल्या कडधान्यासारखं हे मुळासकट खायचं नसतं. कोंब वर येऊन पहिली दोन पानं उघडली की कात्रीने वरून कापायचं. नवरात्रात आपण घटाभोवती धान्य पेरतो ना, साधारण तसंच! घरातल्या कमी उजेडात घटाचे कोंब पिवळसर राहतात. इथेही पहिले दोन-तीन दिवस ट्रे झाकून ठेवतात, मग उजेडात आणतात आणि पानं हिरवी होतात. मुळा आठवड्याभरात तयार, वाटाण्याला जरा जास्त दिवस.

पावसाळ्यात त्यांचे तीस ट्रे एकदम गेले. कोंब बुडाशी कुजून आडवे झाले, वर बुरशी. एका कॅफेची ऑर्डर हुकली आणि त्या कॅफेने पुढचीही बंद केली. घरचा हप्ता याच पैशातून जातो, त्यामुळे हे नुसतं बियाण्याचं नुकसान नव्हतं. सत्संगाला आले ते एकच वाक्य घेऊन, "माझं नशीबच खराब."

आता श्लोक समोर ठेवा. अधिष्ठान : शेड बंदिस्त, हवेत ओल. करण : दोन रात्री लाईट नव्हती, पंखे बंद. चेष्टा : ऑर्डर मोठी म्हणून ट्रेमध्ये बी नेहमीपेक्षा दाट टाकलं होतं, आणि पावसाळा असूनही पाणी उन्हाळ्याइतकंच. दाट कोंबांत हवा खेळत नाही, ओल टिकते, बुरशीला आणखी काय हवं? कर्ता : थकलेला माणूस, एकट्याने सगळं बघणारा. हे सगळं दादांनीच एकेक करून सांगितलं. कोणी टोचून विचारलं नाही, फक्त श्लोक वाचला होता.

पाऊस किती पडणार, लाईट कधी जाणार, हे त्यांच्या हातात नव्हतं. पण त्याला मोजताना पाचव्या नंबरवरच ठेवायचं. आपण त्याला उचलून पहिल्या नंबरवर नेतो, कारण मग उरलेल्या चारांकडे बघावं लागत नाही. आणि धंदा चांगला चालतो तेव्हा दैव यादीतूनच गायब! तेव्हा सगळं 'माझं टेक्निक'. (इन्स्टावर हे जास्त दिसतं, असो.)

'दैव' म्हणजे आंधळं नशीब, असंही आचार्य म्हणत नाहीत. शंकराचार्य इथे इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या देवता घेतात, जसा डोळ्यांचा आदित्य. रामानुजाचार्य अंतर्यामी परमात्माच म्हणतात. म्हणजे 'दैवाने घात केला' हे वाक्य बोलताना आपण नक्की कोणाला दोष देतोय ते एकदा बघायला हवं.

पुढे श्लोक १६ मध्ये भगवंत म्हणतात की जो फक्त स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही. हे 'दिसणं' मला त्या शेडमध्ये कळलं. मुळ्याच्या कोवळ्या मुळांवर पांढरी लव येते, अगदी बुरशीसारखी. नवखा माणूस घाबरून चांगला ट्रे फेकून देतो. दादा त्यावर पाण्याचा हलका फवारा मारतात. मूळकेस असतील तर ते चिकटून दिसेनासे होतात. बुरशी असेल तर तिचं जाळं तसंच राहतं, वासही येतो. फेकायच्या आधी एक फवारा, एवढंच.

दादांनी आता पावसाळ्यापुरतं बी विरळ टाकायला सुरुवात केलीय, पंख्यांना इन्व्हर्टर जोडलाय. बियाणं मात्र आधीपासूनच बुरशीनाशक न लावलेलं घेतात, कारण लोक हे कच्चंच खातात. ती कॅफेची ऑर्डर परत आलेली नाही.

आजचा अभ्यास : या महिन्यातली एक फसलेली आणि एक जमलेली गोष्ट घ्या. परीक्षा, इंटरव्ह्यू, घरातलं भांडण, काहीही. वहीत पाच रकाने पाडा आणि दोन्हींसाठी पाचही भरा. जमलेल्या गोष्टीत पाचवा रकाना रिकामा सोडू नका.

उद्या श्लोक १५ : शरीर, वाणी आणि मन.