राहणीमानाचा खर्च : दोन प्रदेशांची तुलना

स्थलांतराचा निर्णय घेताना केवळ रोख मजुरी पाहणे फसवे ठरते. तिची क्रयशक्तीही पाहावी लागते. दोन राज्यांचे ग्राहक किंमत निर्देशांक शेजारी ठेवून कोणते राज्य महाग हे ठरविणे ही नेहमीची चूक होय. पायाभूत वर्षी प्रत्येक राज्याचा निर्देशांक 100 मानला जातो. त्यामुळे तो त्या राज्यातील कालानुरूप भाववाढ दर्शवितो. दोन राज्यांच्या किंमतपातळीतील अंतर नव्हे.

हे अंतर तेंडुलकर समितीच्या पद्धतीत विचारात घेतले गेले. नियोजन आयोगाने 2013 मध्ये जाहीर केलेल्या अंदाजांनुसार 2011-12 साठी नागरी दारिद्र्यरेषा दरडोई दरमहा ओडिशात 861 रुपये, तर महाराष्ट्रात 1,126 रुपये होती. म्हणजेच सुमारे 31 टक्के अधिक. या प्रमाणाने ओडिशातील शहरात 5,000 रुपये मिळविणाऱ्या मजुराला महाराष्ट्रात तेच राहणीमान राखण्यासाठी सुमारे 6,540 रुपये लागले असते. 6,000 रुपये मिळूनही त्याची वास्तव मिळकत घटली असती.

अर्थात, ही राज्याची सरासरी आहे. मुंबईतील घरभाडे आणि गावी राहिलेल्या कुटुंबाचा खर्च स्वतंत्रपणे मोजावा लागतो. सारांश, काळाची तुलना निर्देशांकाने, तर स्थळांची तुलना समान वस्तूंच्या प्रत्यक्ष किमतींनी करावी.