अकरावीत गणित सोडण्याआधी

अकरावीच्या प्रवेशाच्या दिवसांत गोंदियाकडच्या सालेकसा तालुक्यातले एक शेतकरी मुलीला घेऊन माझ्याकडे आले. रोवणी ऐन भरात, मजूर मिळेनात, तरी दिवस मोडून आले होते. मुलीला दहावीत गणितात उत्तम गुण होते. अर्जावर मात्र गणित नव्हतं. "नीट द्यायची आहे सर, मग गणिताचं ओझं कशाला?" वडील म्हणाले. मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, "करोनात आशाताई घरोघरी ताप-खोकला विचारून वहीत लिहायच्या. त्या आकड्यांचं पुढे काय होतं?"

त्या आकड्यांचं पुढे काय करायचं, हेच काही लोकांचं आयुष्यभराचं काम असतं. त्याला साथरोगांचं गणिती प्रारूप मांडणं म्हणतात, बोलताना सरळ मॉडेलिंग. आणि त्याचा पाया मुंबईच्या आकड्यांवर तपासला गेला आहे. डिसेंबर 1905 ते जुलै 1906 या काळात मुंबईत प्लेगने दर आठवड्याला किती माणसं दगावली, याची नोंद होती. 1927 साली एडिंबरोत काम करणाऱ्या कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी आपलं समीकरण त्या नोंदींशी ताडून पाहिलं. मॅकेंड्रिक हिंदुस्थानात नोकरी केलेले डॉक्टर. कर्मॅक रसायनशास्त्रज्ञ, प्रयोगशाळेतल्या अपघातात त्यांची दृष्टी गेलेली. पुढे अभ्यासकांनी दाखवून दिलं की त्या मांडणीत उंदीर, पिसवा आणि ऋतुमान नीट धरलेले नव्हते. तरीही त्यांची पद्धत आजवर टिकली.

पद्धत अशी. गावातली माणसं तीन खोक्यांत टाकायची: लागण होऊ शकेल असे, लागण झालेले आणि बरे झालेले. समजा गाव 1000 जणांचं आहे, 10 जण आजारी आहेत आणि 990 जणांना लागण होऊ शकते. संसर्गाचा दर दिवसाला 0.3 धरला, तर आजचे नवे रुग्ण 0.3 गुणिले 990 गुणिले 10 भागिले 1000, म्हणजे जवळजवळ 3. आजार सरासरी 5 दिवसांचा असेल तर दिवसाला 2 जण बरे होतात. उद्या आजारी 11. मग हेच परवासाठी, तेरवासाठी. दहावीच्या मुलाला वहीत जमेल आणि मोबाइलच्या एक्सेलमध्ये अर्ध्या तासात होईल इतकंच हे आहे. आज घरी करून बघा, पालकांनीही शेजारी बसावं.

खरी गंमत दोन आजार एकत्र पसरतात तेव्हा येते. फ्लू आणि करोना घ्या. आता वहीत तीन ओळी आणि तीन रकाने आखा. आडव्या ओळी फ्लूच्या, उभे रकाने करोनाचे. नऊ चौकोन झाले. पहिल्या कोपऱ्यात दोन्हींपैकी काहीच न झालेले, अगदी मधल्या चौकोनात एकाच वेळी दोन्ही अंगात असलेले, शेवटच्या कोपऱ्यात दोन्हींतून उठलेले. एका चौकोनातून शेजारच्या चौकोनात जाणारे बाण काढा, बारा होतात. या बारा बाणांत जीव कुठे आहे? एक आजार असताना दुसरा लागण्याची शक्यता किती पट होते, त्या आकड्यात. तो 1 असेल तर दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. 1 पेक्षा जास्त असेल तर पहिला दुसऱ्याला दार उघडून देतो: 1918 च्या फ्लूत दगावलेल्यांपैकी बहुतेकांचा घात पाठोपाठ आलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाने केला, असं अभ्यासक सांगतात. 1 पेक्षा कमी असेल तर पहिला दुसऱ्याला काही काळ दूर ठेवतो. ग्लासगोमध्ये नऊ वर्षांतल्या 44 हजारांहून जास्त आजारपणांच्या तपासण्या पाहिल्या, तेव्हा फ्लू आणि साध्या सर्दीचा विषाणू एकमेकांची वाट अडवतात असं दिसलं. 2019 चा हा अभ्यास आहे. पुढच्याच वर्षी करोना आला आणि जगभर फ्लू जवळपास दिसेनासा झाला. त्यात मास्क किती, बंद शाळा किती आणि विषाणूंची आपसातली अडवणूक किती, हे वेगळं काढणं हे मॉडेलिंग करणाऱ्यांचंच काम.

सालेकशाच्या मुलांना यातलं एक उदाहरण घरबसल्या मिळतं. माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेला अनेक राज्यांतून गोंड समाजाची माणसं येतात. दरेकशाच्या स्टेशनवर उतरतात, मुक्काम करतात, एकत्र जेवतात आणि पाच-सहा दिवसांत आपापल्या गावी परततात. आपल्या देशात फ्लूचा एक जोर जानेवारी ते मार्चमध्ये असतो, दुसरा पावसाळ्यात आणि त्यानंतर. यात्रा नेमकी पहिल्या जोरात येते. कोण कुठून आलं, कोणत्या गाडीने परतलं, कुठल्या गावात दवाखाना दूर आहे, हे पुण्या-मुंबईत संगणकासमोर बसलेल्या संशोधकाला कुणीतरी सांगावं लागतं. तुमच्या मुलीला ते ठाऊक आहे.

आकडा कुठून आला हे ठाऊक नसेल तर उत्तम गणितही फसवतं. देशात 2019 मध्ये क्षयाचे 24.04 लाख रुग्ण नोंदले गेले, 2020 मध्ये 18.05 लाख. क्षय कमी झाला का? नाही. करोनाच्या काळात माणसं दवाखान्यापर्यंत पोहोचली नाहीत आणि तपासण्या घटल्या. क्षय आणि करोना दोन्हींत खोकला हे ठळक लक्षण, त्यामुळे कुठला रुग्ण कोणत्या खात्यात गेला हाही घोळ. सरकारने मग क्षयरुग्णांची करोनासाठी आणि करोनारुग्णांची क्षयासाठी तपासणी करायला सांगितलं. ऑक्टोबर 2020 मध्ये एका राष्ट्रीय समितीने गणिताच्या आधारे सांगितलं होतं की फेब्रुवारीपर्यंत साथ ओसरेल. पुढे काय झालं ते आपण सर्वांनी भोगलं आहे. या क्षेत्रात यायचं तर आपल्या चुकांची जबाबदारी अंगावर घेण्याची तयारी हवी, हे मी मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो.

आता वाट. अकरावीत गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घ्या. बोर्ड परवानगी देतं, अभ्यास वाढतो, हे खरं. पण गणित सोडलं तर गणित-संख्याशास्त्राची बी.एस्सी. आणि भारतीय सांख्यिकी संस्थेची बी.स्टॅट. ही दारं तिथेच बंद होतात. जीवशास्त्र मागाहून शिकता येतं, मी शिकलेली माणसं पाहिली आहेत. गणित मागाहून शिकलेला मला क्वचितच भेटला. नीट द्यायची तर द्या, एम.बी.बी.एस. करूनही जनऔषधवैद्यक शाखेतून इथे येता येतं, आणि अशा डॉक्टरला गणित येत असेल तर त्याची किंमत मोठी असते.

बारावीनंतर आयसरची प्रवेश परीक्षा आहे, पुण्यात एक आयसर आहेच. गोंदिया किंवा नागपुरात बी.एस्सी. करूनही पुढे जॅम परीक्षेने आयआयटीत जाता येतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात मॉडेलिंगचाच स्वतंत्र विभाग आहे, तिथल्या प्राध्यापकांनी करोनाकाळात देशपातळीवरच्या मॉडेलवर काम केलं. मुंबईत देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेत जैवसांख्यिकी शिकवतात. पायथॉन आणि आर या दोन भाषा फुकट शिकता येतात, त्यासाठी कोणालाही हजारो रुपये देऊ नका.

नोकरीचं विचाराल तर खरं सांगतो. "मॉडेलर हवा" अशी जाहिरात दर आठवड्याला निघत नाही. जिल्ह्यात रोग सर्वेक्षणात साथरोगतज्ज्ञ आणि डेटा मॅनेजर असतात, पण ती पदं बहुधा कंत्राटी. पुण्याची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था, चेन्नईची राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्था, विद्यापीठं, लस आणि औषधचाचण्यांच्या कंपन्या इथे जागा निघतात, त्यांना पीएच.डी. किंवा पक्की एम.एस्सी. लागते. म्हणजे बारावीनंतर पाच ते दहा वर्षं. घर चालवणारा दुसरा कोणी नसेल तर हा हिशेब आधीच मांडा. नेट-जेआरएफ मिळाली की 2023 पासून महिन्याला 37 हजार आणि घरभाडं मिळतं. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पीएच.डी.ची राष्ट्रीय फेलोशिप वेगळी आहे, आणि त्याआधीची शिष्यवृत्ती महाडीबीटीवर. जातवैधतेचे कागद मात्र अकरावीतच तयार करायला घ्या. त्याला लागणारा वेळ मुलांची वर्षं खातो.

त्या मुलीने अर्जात गणित लिहिलं. दिवाळीच्या सुमारास तिने व्हॉट्सॲपवर वहीतल्या नऊ चौकोनांचा फोटो पाठवला, बाण बाराच्या बारा बरोबर. खाली एक प्रश्न होता: "सर, यात्रेच्या दिवसांत भागाकारात गावाची लोकसंख्या धरायची की आलेली सगळी माणसं?"