घनकचरा : वर्गीकरण आणि कचरावेचक

विकसनशील देशांतील शहरांच्या कचऱ्यात निम्म्याहून अधिक भाग भाजीपाल्याची देठे, फळांच्या साली, शिळे अन्न अशा कुजणाऱ्या पदार्थांचा असतो. घनकचऱ्याच्या व्यवस्थेचा विचार या वस्तुस्थितीपासून सुरू होणे अगत्याचे आहे. तिचा विसर पडल्यास काय होते, हे दिल्लीत दिसून आले. तिमारपूर येथे डेन्मार्कच्या साहाय्याने १९८७ मध्ये कचरा जाळून वीज निर्माण करणारा प्रकल्प उभारण्यात आला. तथापि, तेथे येणाऱ्या कचऱ्याचे उष्मांकमूल्य फारच कमी असल्याने तो अल्पावधीत बंद पडला.

मिश्र कचऱ्याचे दुष्परिणाम

ओला व सुका कचरा एकत्र झाला की दोहोंचे मोल जाते. कागद भिजतो आणि खतात काच व प्लॅस्टिक मिसळते. उरतो तो ढीग. हवेअभावी कुजणाऱ्या या ढिगात मिथेन वायू तयार होऊन आगी भडकतात. त्यातून पाझरणारे काळे पाणी भूजल दूषित करते. मुंबईतील देवनार येथे जानेवारी २०१६ मध्ये लागलेल्या आगीचा धूर शहरभर पसरला. पुण्याचा कचरा अनेक वर्षे उरुळी देवाची व फुरसुंगी या गावांच्या शिवारात टाकण्यात आला. तेथील विहिरींचे पाणी बिघडले आणि ग्रामस्थांना वारंवार आंदोलन करावे लागले. शहराची अडचण अशा रीतीने खेड्याच्या माथी आली.

कचरावेचकांचे स्थान

कैरो शहरात झब्बालीन समाज पिढ्यान्‌पिढ्या घरोघरचा कचरा नेऊन त्यातील बहुतांश भाग पुन्हा उपयोगात आणीत असे. २००३ मध्ये हे काम परदेशी कंपन्यांकडे सोपविण्यात आले. पुढे २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या भीतीने या समाजाची डुकरे मारण्यात आली. ओला कचरा खाणारे जनावर नाहीसे होताच तो रस्त्यांवर साचू लागला.

पुण्याने निराळा मार्ग धरला. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन होऊन कचरावेचक संघटित झाले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. २००८ मध्ये त्यांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी महानगरपालिकेने करार केला. घरोघरी जाऊन कचरा गोळा करण्याबद्दल कुटुंबांकडून शुल्क आणि भंगाराच्या विक्रीचे उत्पन्न असा दुहेरी आधार त्यांना मिळाला. उकिरड्यावर वाकून वेचण्याच्या कामास सेवेचा दर्जा प्राप्त झाला.

स्थानिक संस्थांसाठी बोध

पहिली गोष्ट म्हणजे वर्गीकरण घरातच व्हावे. याची सवय लावण्यात शाळांचा वाटा मोठा राहील. दुसरी म्हणजे ओला कचरा शक्यतो जवळच जिरवावा. खड्ड्यात पालापाचोळा व ओला कचरा यांचे आलटूनपालटून थर द्यावेत, ओल बेताची राखावी आणि ढीग अधूनमधून परतावा. सुमारे दोन-तीन महिन्यांत खत तयार होते. तिसरी म्हणजे कंत्राट देण्यापूर्वी त्या गावात आज कचरा कोण वेचते, याची नोंद घेऊन त्यांना कामात सामावून घ्यावे. यंत्रे व वाहने यांची खरेदी त्यानंतर करावी. हा क्रम उलटल्यास खर्च वाढतो, कचरा तसाच राहतो आणि गरिबांची रोजी मात्र जाते.