मोरचूद पोरांना दाखवताना

रेवसच्या पोरांना विज्ञान शिकवताना मोरचुदाबद्दल जे हाती लागलं, ते इथे मांडतो.

१. आधी खडा, मग सूत्र. फळ्यावर 'कॉपर सल्फेट' लिहिलं की पोरं वहीत उतरवून घेतात, बस्स. काचेच्या बशीत निळाशार खडा ठेवला की मात्र सगळा वर्ग टेबलाभोवती गोळा होतो.

२. 'सर, हा निळा कशानं?' याचं उत्तर तापवून द्यावं. परीक्षानळीत चिमूटभर पूड घेऊन मंद आचेवर धरायची. नळीच्या तोंडाशी पाण्याचे थेंब जमतात आणि पूड पांढरीफटक पडते. नळी गार झाल्यावर दोन थेंब पाणी सोडलं की निळा रंग परत येतो, वर नळी हाताला कोमट लागते. खड्यात तांब्याच्या प्रत्येक कणाबरोबर पाण्याचे पाच रेणू असतात. ते उडाले की रंगही गेला. आच मोठी करू नये, घातक धूर सुटतो. हे काम शिक्षकानंच करावं.

३. वाडीतलं उदाहरण पोरांना लगेच पटतं. नागाव-चौलकडे सुपारीवर पावसाळ्यात कोळेरोग पडतो, कोवळी फळं कुजून गळतात. त्यावर बोर्डो मिश्रण फवारतात: शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र करायचं, तेही प्लास्टिकच्या पिंपात. फ्रान्समधल्या द्राक्षबागांसाठी मियार्दे यांनी 1885 मध्ये हा उपाय जाहीर केला. मिश्रण जमलं का, हे बागायतदार विळ्याचं घासलेलं पातं बुडवून बघतात. पात्यावर तांबूस पूट चढलं तर चुना कमी पडला. वर्गात हेच लोखंडी खिळ्यावर दाखवावं: मोरचुदाच्या पाण्यातलं तांबं खिळ्यावर बसतं, लोखंड पाण्यात उतरतं आणि निळा रंग फिका होत जातो. माझ्या मते पाठ्यपुस्तकातल्या समीकरणाआधी हा खिळा यावा.

४. मग पोरांना बंदरावर न्यावं. पावसाळ्यात बोटी शाकारलेल्या असतात, तळाचा लाल रंग नीट दिसतो. अशा बऱ्याच रंगांत तांब्याचं लाल ऑक्साइड असतं; त्यामुळे कालवांसारखे जीव तळाला सहसा धरत नाहीत. निळा नि लाल, दोन्ही तांब्याचेच, हे ऐकून पोरं चकित होतात.

५. मोरचूद विषारी. तोंडाला लावायचा नाही, हात साबणानं धुवायचे. उरलेलं पाणी खाडीत ओतू नये. तांब्यानं मासळीची पिल्लं मरतात, आणि रेवसच्या घरांची चूल त्याच मासळीवर पेटते.